गुग्गुळाची पट्टी

बाबा कॉलेजच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. फोन वाजला तर सर मला वर्गाबाहेर काढतील आणि मग कदाचित कॉलेजातूनच काढतील, अशी त्यांना भीती वाटते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे नक्की काय चालतं हे त्यांना माहीत नाही, आणि दोन वर्षं झाली तरी मलाही पुरतं माहीत आहे असं नाही. त्या दिवशी वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल चालू होतं. दप्तरातला फोन थरथरत राहिला… एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी दारामागे जाऊन उचलला. "बेटा, साहेब गेले," बाबा म्हणाले. "पेडणेकर साहेब. सकाळी चहा घेतला म्हणे, अन् मग… तू सीधी तिकडंच ये." जगतपुऱ्याच्या कॉलेजातून विद्याधर नगरला त्यांच्या घरी यायला दोन बस बदलाव्या लागतात. दोन्ही बसमध्ये मी पुन्हा पुन्हा कंपासपेटी उघडून बघत होते. तिच्यात कर्कटकाखाली पत्र्याची एक पट्टी होती. बोटभर लांब, दोन बोटं रुंद, टोकाला तार ओवायला भोक. तिच्यावर काकांनी, म्हणजे पेडणेकर साहेबांनी, खिळ्याने कोरलेलं होतं, 'गुग्गुळ'. ती पट्टी मला त्यांना परत द्यायची होती आणि देताना एक गोष्ट कबूल करायची होती. पाच आठवडे मी रोज ठरवत होते, आज सांगायचं. आता सांगायला ते नव्हते, आणि पट्टी पेटीतच होती.

त्याला सात आठवडे होऊन गेले. मला असं काही लिहायची सवय नाही. मराठी मी घरात बोलत आले, पण लिहायला लागले ते काकांमुळे. म्हणून ते कोण होते, हे आधी सांगते.

माधव पेडणेकर विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे सावंतवाडीकडचे. बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. माझे बाबा त्याच कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी आहेत. वाशीम जिल्ह्यातून एका साहेबांबरोबर ते इकडे आले, साहेब पुढे दुसऱ्या गावी गेले आणि बाबा राहिले. आम्ही मुरलीपुऱ्यात राहतो. बारावीनंतर मी वनस्पतिशास्त्र घ्यायचं म्हणाले तेव्हा घरात कुणाला काय बोलावं कळेना. शेवटी बाबा मला पेडणेकर साहेबांकडे घेऊन गेले. गेटपाशीच त्यांनी माझी ओढणी नीट करायला लावली. आत गेल्यावर म्हणाले, "साहेब, हे झाडाचं शिकायचं म्हणते. झाडाचं शिकून काय होते?" काका हसले नाहीत. म्हणाले, "भास्करराव, तुम्ही वीस वर्षं मेथी निवडताय. तुम्ही तरी दुसरं काय करताय?" बाबांना ते इतकं पटलं की येताना रस्ताभर ते मेथीबद्दलच बोलत होते. मी मात्र काकांच्या टेबलावरचा कागद बघत राहिले होते. त्यावर घराचा नकाशा होता आणि रेघा सगळ्या कापऱ्या होत्या. त्यांचा उजवा हात थरथरायचा. जाताना त्यांनी विचारलं, "आलेख काढता येतो ना तुला? मला या घराभोवतीची बाग आखायची आहे. रविवारी ये."

पुढच्या रविवारी मी बाग आखूनच घेऊन गेले. आठवडाभर फोनवर चित्रं बघून, रंगीत पेन्सिलींनी काढलेली. मधोमध गोल हिरवळ, कडेने अशोकाची रांग, एका कोपऱ्यात कारंजं. काकांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. "सुंदर आहे," ते म्हणाले. "हे कुठलं गाव?" मला कळलं नाही. मी म्हटलं, "मतलब… हे तुमचंच घर आहे, काका." ते म्हणाले, "घर माझं आहे. गाव कुठलं? या गावात पाऊस किती दिवस पडतो? उन्हाळ्यात ती भाजणारी लू कुठून येते?" माझा जन्म जयपूरचा, पण लू कुठून येते हे मी कधी बघितलं नव्हतं. फक्त खिडक्या बंद केल्या होत्या. आतून काकू म्हणाल्या, "पोरीला पहिल्याच दिवशी नापास करू नका. चहा घेऊ दे आधी."

त्या चहाबरोबर त्यांनी अट सांगितली. वर्षभर एकही झाड लावायचं नाही, फक्त बघायचं. मग दर रविवारी मी जायची आणि आम्ही बघायचो. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला घराची सावली जिथे संपते तिथे विटेचा तुकडा ठेवायचा आणि आलेखावर टिंब द्यायचं. गच्चीचं पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, ते काठीने आखायचं. वारा कुठून येतो ते दोरीवर वाळणाऱ्या काकूंच्या साडीवरून लिहायचं. काकू शेजारणीला सांगायच्या, "हमारे यहाँ साड़ी पे रिसर्च हो रही है." थंडीत एकदा काका मला नाहरगडच्या डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेले. तिथे कुणी लावलेलं, कुणी पाणी घातलेलं काही नव्हतं, आणि तरी झाडं होती. धोकडा होता, थोर होते, केर नावाचं काटेरी झुडूप होतं. खेजडीपाशी थांबून ते म्हणाले, "ही आपली शमी. दसऱ्याला हिची पूजा करतो, पण दारात लावायला नर्सरीतून पाम आणतो." एकेका झाडाचं इथलं नाव, मराठी नाव आणि पुस्तकातलं नाव मी वहीत लिहायची. भोकराला इथे लिसोडा म्हणतात हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद काकूंना झाला. "अगं, मग याचं लोणचं मी घालू शकते! इतकी वर्षं बाजारात बघतेय आणि मला वाटायचं, ही यांचीच काहीतरी भाजी असेल." त्या दिवसापासून बागेत भोकराची जागा पक्की झाली. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे.

पट्ट्यांची गोष्ट मला खूप नंतर कळली. लावणीच्या आदल्या रविवारी काकांनी बिस्किटाचा जुना डबा आणून माझ्यापुढे उघडला. आत पत्र्याच्या तीसेक पट्ट्या होत्या. जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या. सुरंगी, सोनचाफा, अनंत, बकुळ, जायफळ… प्रत्येकीवर एकेक नाव कोरलेलं. "ही सगळी झाडं कुठे आहेत?" मी विचारलं. "मेली," काका म्हणाले. दर सुट्टीत ते गावाहून रोपं आणायचे. ओल्या गोणपाटात गुंडाळून, गाडीत सीटखाली ठेवून, स्टेशनास्टेशनावर पाणी शिंपडत. जानेवारीच्या थंडीतून वाचलेलं रोप मे महिन्याच्या लूमध्ये जायचं. तरी पुढच्या वर्षी पुन्हा आणायचे. "माझी समजूत अशी, की घराभोवती आपली झाडं असावीत," ते म्हणाले. "फक्त आपली म्हणजे कुठली, हे मी तीस वर्षं विचारलं नाही." मग त्यांनी पट्टी उलटी करून माझ्यापुढे धरली, मागची बाजू कोरी होती. नव्या पट्ट्या करायच्या नव्हत्या, याच उलट्या बाजूने वापरायच्या होत्या. सुरंगीच्या मागे रोहिडा, सोनचाफ्याच्या मागे केर. खिळा धरताना त्यांचा हात थरथरायचा, म्हणून मी मनगट धरून ठेवायची. 'गुग्गुळ' हे नाव कोरलं त्या पट्टीच्या मागे 'बकुळ' होतं. तेव्हा मी त्याचा काही विचार केला नाही.

मागच्या आषाढात आम्ही लागवड केली. पश्चिमेला खेजडी, पुढे रोहिडा, कुंपणाच्या कडेने अडुळसा, गेटवर शतावरी. हिरवळीच्या जागी सेवण गवत. नैर्ऋत्येचा कोपरा दगडगोट्यांचा होता, सगळ्यांत जास्त ऊन तिथे आणि पाण्याची नळी तिथपर्यंत पोहोचायची नाही. तो कोपरा केर आणि ज्याच्या डिंकाचा धूप करतात त्या गुग्गुळाचा. "इथे नळी पुरत नाही तेच बरं," काका म्हणाले, "नाहीतर आपल्या लोकांचा हात आवरत नाही." त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. एखादं रोप गेलं की आहे हे कळत नसेल, तर अंगठ्याच्या नखाने साल अगदी थोडी खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत. पण एकदाच, आणि ठेवायचं की काढायचं हे ठरवायची वेळ आली असेल तेव्हाच. "आपल्या समाधानासाठी रोज नख लावत बसायचं नाही. ती जखम असते." दिवाळीपर्यंत बाग बघण्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. गवत पिवळं, काटे पुष्कळ, मधे मधे मोकळी माती. समोरच्या गुप्ताजींनी एकदा गेटवरून विचारलं, "पेडणेकरजी, मकान बेच रहे हो क्या?" काकू त्यानंतर कितीतरी दिवस तेच म्हणून काकांना चिडवत होत्या. काका म्हणायचे, "पाच वर्षं थांब." काकू म्हणायच्या, "मी थांबते, तुम्ही थांबा म्हणजे झालं." हे लिहितानाही ते वाक्य मला कुठेतरी लागतं… त्यांनी ते अगदी सहज म्हटलं होतं.

माघात काकांना इस्पितळात ठेवावं लागलं. हृदयाचं दुखणं होतं. अठरा दिवस काकू तिथेच होत्या आणि गेटची किल्ली माझ्याकडे. ते घरी येणार होते त्या दिवशी मी सकाळीच गेले. आमच्याकडे कुणी आजारातून घरी येणार असलं की आई अंगण झाडून, सडा घालून ठेवते. माणसाला घरात शिरताना मेलेलं, वाळलेलं काही दिसू नये, असं ती म्हणते. मी तेच केलं. पाचोळा झाडला, पिवळं गवत कापलं. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढं एक काटकं उभं होतं. एकही पान नाही, साल कागदासारखी सुटलेली. मी दोन्ही हातांनी धरून ते उपटलं. फार जोर लावावा लागला. एवढा जोर का लागतोय, हा विचार त्या वेळी मनात यायला हवा होता. नख लावायला हवं होतं. पण मला घाई होती आणि मला खूश करायचं होतं. पट्टी सोडवून मी कंपासपेटीत टाकली. आता तिचं काय करायचं ते काकांना विचारू, असं ठरवून. काटकं बाकीच्या कचऱ्याबरोबर मागच्या गल्लीत भिंतीला टेकवून ठेवलं.

दुपारी ते आले. टॅक्सीतून उतरून व्हरांड्यातल्या खुर्चीपर्यंत येताना दोनदा थांबले. खुर्चीत बसून त्यांनी बागेकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर त्यांची नजर बराच वेळ राहिली. मी शेजारीच उभी होते, शाबासकीची वाट बघत. "तू झाडलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "दमली असशील," ते म्हणाले. बस, एवढंच. संध्याकाळी घरी जाऊन मी सहज वही उघडली आणि माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'गुग्गुळ. वर्षातले बरेच महिने पानं नसतात, पावसात फुटतात. मेलेला वाटतो.' दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मागच्या गल्लीत गेले. तिथे काही नव्हतं. कचऱ्याची गाडी येऊन गेली असणार, असं मी धरून चालले.

त्यानंतर पाच आठवडे मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे गेले. परीक्षा जवळ आली होती, तरी गेले. दारात शिरताना वाक्य तोंडात तयार असायचं, आणि काकांचा चेहरा दिसला की ते गिळलं जायचं. डॉक्टरांनी त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका म्हणून सांगितलं होतं, हे कारण मला फार उपयोगी पडलं. खरं कारण तसलं नव्हतं. झाडांचं शिकणारी म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, आणि झाड ओळखण्याची वेळ आली तेव्हा मी झाडूवाल्या बाईसारखी वागले, असं मला वाटत होतं. हे वाक्य लिहिल्यावर मला आणखीच लाज वाटते, कारण माझी आई लोकांच्या घरी झाडूपोछाच करते आणि तिने कधी कुणाचं झाड उपटलेलं नाही.

शेवटची भेट ते जाण्याच्या दोन दिवस आधीची. ऊन उतरलं होतं, आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. काका आपणहून बोलायला लागले. जयपूरला बदली झाली तेव्हा त्यांच्या आईने परसातल्या बकुळीचं एक रोप त्यांना दिलं होतं. इथे आणून लावलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते गेलं. आईने पत्रातून विचारलं, बकुळ कशी आहे? "मी लिहिलं, छान आहे," काका म्हणाले. "मग दर पत्रात लिहावं लागलं. कमरेएवढी झाली, खांद्याएवढी झाली, यंदा फुलली. आई शेजारपाजारी सांगायची, माझी बकुळ जयपुरात फुललीय. हेच खरं मानून आई गेली." मी खाली बघत होते. ते खुर्चीत माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तिने दुसरं रोप दिलं असतं. एवढंच झालं असतं, बघ." आणि माझ्याकडे बघत राहिले… मी म्हटलं, "काका, पाणी आणू?" "आण," ते म्हणाले.

तेरावा झाल्यावर काही दिवसांनी मी काकूंकडे गेले. त्या जेवणाच्या टेबलावर उरलेली औषधं वेगळी करत होत्या. मी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली आणि एका दमात म्हटलं, "काकू, गुग्गुळ मी उपटला. मला वाटलं मेलाय." काकूंनी मान वर केली नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "काकांना?" "त्यांना पाच मिनिटांत कळलं. तू गेल्याबरोबर मला मागे पिटाळलं, बघ म्हणाले, गल्लीत टाकलाय का. अंगावर इस्पितळातलीच साडी, डोक्याला तेल नाही, आणि मी कचऱ्यातून काटकं उचलून आणतेय. गुप्ताजी बघत होते गच्चीवरून." "मग ते मला बोलले का नाहीत?" काकूंनी हातातली गोळ्यांची पाकिटं खाली ठेवली. "मलाही बोलू दिलं नाही. म्हणायचे, ती सांगेल. रोज तू गेलीस की विचारायचे, काही बोलली का? मी म्हणायचे, नाही, चहा प्यायली, दोन बिस्किटं खाल्ली आणि गेली." मी रडायला लागले. "रडू नकोस," काकू म्हणाल्या, "मला राग आला होता तुझा. अजूनही आहे थोडा. पाच आठवडे माणूस वाट बघत होता." मग उठून उभ्या राहिल्या. "चल, दाखवते."

न्हाणीघराच्या मागे, माझं कधी जाणं होत नाही अशा जागी, रंगाची एक जुनी बादली होती. तळाला भोकं पाडलेली, रेतीमाती भरलेली. काकांनी सांगितलं तसे काकूंनी त्या काटक्याचे तीन तुकडे करून त्यात लावले होते. दोन आता उघडच गेले होते, बोट लावलं तर मोडतील असे. तिसरा उभा होता. कागदासारखी साल, पान नाही. "हा आहे का गं जिवंत?" काकूंनी विचारलं. माझा अंगठा आपोआप पुढे गेला होता. "लाव नख, बघ तरी," त्या म्हणाल्या. "आमचा पोरगा मला त्याच्याकडे पुण्याला चल म्हणतोय. घर भाड्याने देऊ म्हणतो. मी त्याला सांगितलंय, आषाढ जाऊ दे, मग बोलू. म्हणून हा जगणार की नाही, ते मलाही कळू दे." मला खरंच बघायचं होतं. पण ठरवायची वेळ आषाढानंतरची होती. आत्ता मी नख लावलं असतं तर ते फक्त माझ्यासाठी लावलं असतं. मी हात मागे घेतला. "आषाढापर्यंत थांबू, काकू." काकू म्हणाल्या, "अगदी त्यांच्यासारखीच झालीस," आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांचा राग थोडा आणखी कमी झाला.

पट्टी मी तारेने बादलीच्या कडीला बांधली. बांधण्याआधी काकूंनी ती हातात घेऊन उलटी केली आणि 'बकुळ' वर बराच वेळ बोट फिरवलं. मी विचारलं, कुठली बाजू पुढे ठेवू? "राहू दे, फिरेल तशी फिरेल," त्या म्हणाल्या. वारा आला की ती फिरते आणि दोन्ही नावं आळीपाळीने दिसतात.

मी अजून दर रविवारी जाते. सावलीच्या विटा जिथल्या तिथे आहेत, त्या कुणी उचललेल्या नाहीत. खेजडी माझ्या कमरेएवढी झाली आहे, आणि हे खरं आहे, कुणीही येऊन बघावं. गेटातून शिरले की आधी न्हाणीघराच्या मागे जाते, वाकून बघते आणि हात पाठीमागे धरून ठेवते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज येतो, "काही दिसलं का गं?"

"नाही काकू, अजून नाही."

"बरं. चहा घ्यायला ये."